सॅन डिएगोत मतदान २०२० ला झालं, मग हॉटेल टॅक्स २०२५ ला कसा काय वाढला?

तुमचा प्रश्न असा की जुलैत सॅन डिएगोला येताय, डाउनटाउनच्या हॉटेलात टॅक्स १३.७५ टक्के दिसतोय, मित्र आधी येऊन गेला तेव्हा साडेदहाच होता, आणि कोणीतरी सांगितलं की हा लोकांनीच मत देऊन वाढवलाय, तर हे खरं का. हो, खरं आहे. फक्त मतदान झालं ३ मार्च २०२० ला आणि वाढीव टॅक्स लागला १ मे २०२५ पासून. मी इथे एका हॉटेलात अकाउंट्स बघतो, त्यामुळे बिलावरची ती ओळ बोटाने दाखवून "हे काय आहे" विचारणारे पाहुणे मला नवीन नाहीत.

आधी आकडे सांगतो. जुना दर १०.५ टक्के होता, तो १९९४ पासून तसाच. आता शहराचे तीन झोन केलेत, कन्व्हेन्शन सेंटरच्या जवळ १३.७५, त्याच्या बाहेर १२.७५ आणि सगळ्यात लांब ११.७५. म्हणजे २०० डॉलरची रूम असेल तर आधी २१ डॉलर टॅक्स होता तो डाउनटाउनला साडेसत्तावीस झाला. एअरबीएनबीवाल्यांनाही हाच लागतो, तिथे सुटका नाही. मोठ्या हॉटेलांच्या बिलात पर्यटनाच्या जाहिरातीसाठीचा एक वेगळा आकार पण असतो, तो या मतदानातला नाही, दोन्हीची बेरीज करून लोक उगाच भडकतात.

आता मतदानाचं. लोकांपुढे मताला ठेवलेल्या त्या प्रस्तावाचं नाव होतं मेझर सी. पैसे तीन गोष्टींना जाणार होते, कन्व्हेन्शन सेंटर मोठं करणं (कॉमिक्स-सिनेमावाल्यांचा मोठा मेळा, कॉमिक-कॉन, भरतो तेच), बेघर लोकांसाठी सोयी आणि रस्त्यांची दुरुस्ती. गंमत म्हणजे हॉटेलवाल्यांचाच याला पाठिंबा होता. मोठी अधिवेशनं आली की आमच्या रूम आठवडाभर भरतात, म्हणून टॅक्स वाढला तरी चालेल असा हिशोब. आणि मत देणारा तर इथलाच रहिवासी, तो स्वतःच्या गावात हॉटेलात कशाला राहतोय, म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! तरीसुद्धा मतं पडली ६५.२४ टक्के, आणि पाहिजे होती दोन तृतीयांश, म्हणजे ६६.६७. एवढ्याशा फरकावर घोडं अडलं.

कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रपोझिशन १३ पासून (लोकांनी मत देऊन आणलेला टॅक्सवर लगाम घालणारा कायदा) अशी अट आहे की एखाद्या ठराविक कामासाठी स्थानिक टॅक्स लावायचा तर दोन तृतीयांश मतं लागतात. पण २०१७ मध्ये अपलँड नावाच्या गावाच्या केसमध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने असं काही म्हटलं की त्यातून वाट निघाली, की प्रस्ताव नगरपालिकेने आणला असेल तर या अटी, नागरिकांनी सह्या गोळा करून आणला असेल तर वेगळं. मग खालची कोर्टं म्हणायला लागली की नागरिकांच्या प्रस्तावाला साधं बहुमत पुरे. हे धरून सॅन डिएगोच्या कौन्सिलने एप्रिल २०२१ मध्ये जाहीर करून टाकलं की मेझर सी पास झालेलं आहे. साहजिकच लोक कोर्टात गेले. २०२३ ला अपील कोर्टाने विचारलं की हा प्रस्ताव खरंच नागरिकांचा होता की शहरानेच पडद्यामागून चालवला, ते आधी तपासा, आणि केस परत खाली पाठवली, तिथे शेवटी निकाल शहराच्या बाजूने लागला.

माझं मत विचाराल तर टॅक्सला माझा विरोध नाही, साडेसहा डॉलरसाठी कोणी सॅन डिएगोला यायचं रद्द करत नाही, आमच्याकडे तरी मी बघितलं नाही. खटकतं ते एवढंच की मतपत्रिकेच्या माहितीत दोन तृतीयांश लागतील असं छापलं होतं, लोकांनी ते वाचून मत दिलं, आणि वर्षभराने सांगितलं की अर्ध्याहून जास्त आहेत ना, झालं तर मग. कायद्यात बसलं असेल, पण खेळ संपल्यावर नियम बदलल्यासारखं वाटतंच, आणि ज्या ३५ टक्क्यांनी नको म्हटलं त्यांचा राग मला कळतो.

आणि त्या पाच वर्षांत काय झालं तर मतदानानंतर दोन-तीन आठवड्यांत कोविडमुळे हॉटेलं ओस पडली, एप्रिलपासून त्याच कन्व्हेन्शन सेंटरमध्ये शहराने बेघर लोकांची राहायची सोय केली, हॉलभर खाटा टाकून. ज्या तीन कामांसाठी पैसे मागितले त्यातली दोन एकाच छपराखाली आली, आणि टॅक्सचा एक डॉलर जमा नाही. दरम्यान बांधकामाचे खर्च इतके वाढलेत की सेंटर मोठं करणं लांबच, आहे त्याची डागडुजी आधी करावी लागतेय.

आपल्याकडे हे मतदान वगैरे विचित्र वाटतं कारण हॉटेलचा जीएसटी काउन्सिल ठरवते, सप्टेंबर २०२५ मध्ये ७,५०० रुपयांपर्यंतच्या रूमचा १२ चा ५ टक्के झाला तेव्हा आपल्याला कोणी विचारलं नव्हतं.

तुमच्यासाठी कामाचं म्हणजे बुक करताना टॅक्स धरून एकूण रक्कम बघा आणि हॉटेल कुठल्या झोनमध्ये आहे ते विचारा. कोरोनाडो, चुला व्हिस्टा ही वेगळी शहरं आहेत, तिथे त्यांचा त्यांचा दर. आणि कंपनीच्या कामाने येऊन महिना किंवा जास्त राहणार असाल तर हा टॅक्स लागतच नाही, तो महिन्याच्या आतल्या मुक्कामावरच आहे, त्यामुळे चेक-इनलाच तसं सांगून लेखी करून घ्या, नंतर रिफंड काढताना आमच्यासारख्यांच्या मागे लागावं लागतं.