धोकादायक समजल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या जातींवर कायद्याने बंदी घालावी का?

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पिटबुल, रॉटवायलर अशा जातींवर सरकारने सरसकट बंदी घालावी का, ही एक. आणि जळगावात तुमच्या शेजाऱ्यांकडे रॉटवायलर आहे, मधल्या भिंतीची उंची जेमतेम कमरेएवढी, अंगणात तुमची लहान मुलं खेळतात, तर काय करावं, ही दुसरी. पहिलीबद्दल माझं मत असं: जातीचं नाव घेऊन पाळण्यावर बंदी घालू नये. पिल्लांची पैदास आणि विक्री यांवर मात्र आजच्यापेक्षा कितीतरी कडक नजर हवी, आणि कुत्रं चावलं की मालकाला त्याची झळ लागली पाहिजे. दुसरीचं उत्तर शेवटी दिलंय. जीव टांगणीला लागला असेल तर आधी तेच वाचा.

मी चोपडा तालुक्यात जनावरांच्या दवाखान्यात काम करतो. काम मुख्यतः गाई-म्हशी, बैल, शेळ्या यांचं. पण अलीकडे कुत्री फार येतात. केळीच्या पट्ट्यात शेतातच बंगले झाले, विहिरींवरच्या मोटारींच्या केबली चोरीला जाऊ लागल्या, सातपुड्याच्या बाजूने बिबट्याचा वावर वाढला. मग जो तो राखणीला ‘कडक’ कुत्रं शोधतो. पूर्वी गावातलंच एखादं पिल्लू उचलून आणायचे. आता मोबाइलवर फोटो बघून सुरतेहून, इंदूरहून, नाशकाहून पिल्लू मागवतात. ट्रॅव्हल्सच्या गाडीत खोक्यातून येतं बिचारं.

बंदीची पहिली अडचण इथेच आहे. लसीकरणाच्या कार्डावर जात लिहायचा एक रकाना असतो. मालक सांगतो ‘पिटबुल’. कागद आहेत का विचारलं तर नाहीत. आईबाप कोण होते, कुणी पाहिलेलं नाही. समोर उभं असतं एक रुंद डोक्याचं, आखूड केसांचं पिल्लू. त्यात लॅब्रॅडोर किती, गावठी किती आणि पिटबुल किती, हे मीच काय, कुणीच नुसतं पाहून सांगू शकत नाही. मालक सांगतो तेच मी लिहितो. उद्या बंदी आली की तोच मालक ‘गावठी’ म्हणून सांगेल आणि मला ‘गावठी’ लिहावं लागेल. ज्याची ओळख पटवता येत नाही त्याच्यावरची बंदी अमलात कोण आणि कशी आणणार?

केंद्र सरकारने हा प्रयत्न करून पाहिला आहे. मार्च 2024 मध्ये पशुसंवर्धन खात्याने सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं: 23 जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, त्यांच्या संकरित कुत्र्यांचीही, आणि जी आधीच पाळलेली आहेत त्यांची नसबंदी करा. यादीत पिटबुल, रॉटवायलर, डोगो अर्जेंटिनो होतेच, पण ‘टेरिअर’ आणि ‘मॅस्टिफ’ असे आख्खे गटही होते. टेरिअर गटात तर मांडीवर बसणारी कुत्रीसुद्धा येतात. पुढच्याच महिन्यात आधी कर्नाटक आणि मग दिल्ली उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं, कारण ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार त्यांचं म्हणणंच ऐकून घेतलेलं नव्हतं. मला ते निकाल बरोबर वाटतात. पण त्या पत्रामागची भीती खोटी होती, असं मी म्हणणार नाही. 2022 च्या जुलैत लखनौमध्ये 82 वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचा घरातल्याच पिटबुलने जीव घेतला. त्यानंतर काही महिन्यांत गाझियाबाद महापालिकेने तीन जातींवर बंदी आणली. अशा बातम्या वाचल्यावर आईबाप बंदी मागणारच.

बाहेरच्या देशांतही हे होऊन गेलं आहे. इंग्लंडने 1991 मध्ये कायदा करून पिटबुलसह चार प्रकारांवर बंदी घातली. तिथेही ओळख पटवायची पंचाईत झाली आणि कुत्र्यांची मापं घेऊन कोर्टात वाद सुरू झाले. दरम्यान अमेरिकेतल्या पैदास करणाऱ्यांनी तशाच ताकदीचा ‘एक्सएल बुली’ तयार केला आणि तो इंग्लंडात आला. तो त्या यादीत नव्हता. तो माणसं मारू लागला तेव्हा 2023 च्या शेवटी यादीत त्याचं नाव घालावं लागलं. म्हणजे 32 वर्षांनी पुन्हा पहिल्या पायरीवर. हॉलंडने 1993 पासून पिटबुलवर बंदी ठेवली, चावण्याचे प्रकार कमी होईनात म्हणून 2008 मध्ये ती उठवायचं ठरवलं. इटलीनेही जातींची यादी करून पाहिली आणि 2009 मध्ये ती सोडून मालकाच्या जबाबदारीचा मार्ग धरला.

आता बंदीवाल्यांचं जे खरं आहे तेही सांगतो. सगळी कुत्री सारखीच, सगळं शिकवण्यावर असतं, असं प्राणिप्रेमी म्हणतात तेव्हा ते अर्धंच बोलतात. गावठी कुत्रं बहुतेकदा चावतं आणि मागे सरतं. पिटबुलच्या पूर्वजांची पैदास आधी बैलावर सोडण्यासाठी आणि नंतर कुत्र्यांच्या झुंजींसाठी झाली. धरलं की सोडायचं नाही, या एका गुणासाठी पिढ्यान्पिढ्या निवड झाली. रॉटवायलर तर चाळीस-पन्नास किलोंचं जनावर. सहा वर्षांच्या मुलावर ते नुसतं उडी मारून पडलं तरी मूल खाली आपटतं. अशी कुत्री जास्त वेळा चावतात असं नाही, पण चावली तर पाच टाक्यांवर भागत नाही. म्हणून ज्याला अशी जात पाळायची आहे त्याच्यावर जास्त अटी असाव्यात, हे मला मान्य आहे.

पण कुत्रं चावरं होतं कसं, ते एकदा जवळून बघा. शेतातल्या एका बंगल्यावर मला बोलावलं होतं. फाटकाशी रॉटवायलर म्हणून आणलेला नर, दोन-अडीच वर्षांचा. मालक गावात राहायचे, संध्याकाळी गाडीवर चक्कर मारून जायचे. साखळी दोन हात लांब. तेवढ्याच घेरात जमीन तासून गुळगुळीत झालेली, पाण्याचं घमेलं उलटं पडलेलं, डोक्यावर पत्र्याचा तुकडा आणि दिवस एप्रिलचे. आपल्याकडचा एप्रिल-मे मी तुम्हाला काय सांगावा, पारा पंचेचाळिशीला टेकतो. मानेतून घाण वास येतो म्हणून बोलावलं होतं. भूल देऊन केस कापले तर पिल्लूपणी बांधलेला नायलॉनचा पट्टा मानेच्या मांसात रुतून बसलेला, वरून कातडी चढलेली, आत अळ्या. पट्टा कात्रीने कापून काढला, जखम धुतली. त्या जनावराच्या मानेला कुणी हात लावला की त्याला काय होत असेल, याचा विचार करा. दोन महिन्यांपूर्वी त्याने सालदाराच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याच्या, मुलीचा दंड फाडला होता. ती रोज त्याला भाकरी टाकायची. त्या दिवशी टाकता टाकता तिने त्याच्या मानेवरून हात फिरवला, एवढंच.

मालकांनी ते कुत्रं विकून टाकलं आणि दुसरं आणलं. सालदाराने पोलिसात जायचं नाव काढलं नाही. ज्याच्याकडून उचल घेतलेली आहे त्याच्याविरुद्ध तो तक्रार कशी करणार? ही गोष्ट मला फार लागते. माझ्या पाहण्यात असली राखणीची कुत्री मालकाला फारशी चावत नाहीत. चावतात ती सालदाराच्या पोराला, धुणंभांडी करणाऱ्या बाईला, गॅसचं सिलिंडर घेऊन येणाऱ्या पोऱ्याला. कायदा करायचाच तर यांना समोर ठेवून करा. यांना तक्रार न करताही न्याय मिळेल, म्हणजे दवाखान्यात कुत्रं चावल्याची नोंद झाली आणि कुत्रं पाळीव निघालं की चौकशी आपोआप सुरू होईल, असा.

दुसरी गोष्ट पिल्लांच्या वयाची. पिल्लू आईजवळ आणि भावंडांजवळ असताना खेळता खेळता शिकतं की दात किती लावायचे. जोरात चावलं की भावंडं ओरडतात, खेळ थांबतो. वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंत माणसं, मुलं, गाड्या, फटाके जे जे चांगल्या रीतीने नजरेखालून जातं त्याची भीती मोडते. आपल्याकडे पिल्लू महिन्याचं झालं की विकतात, कारण पुढचं खाणं आणि लसीचा खर्च वाचतो. 2017 च्या श्वान पैदास नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. माझ्यासमोर आलेल्या पिल्लांपैकी फार थोडी अशा नोंदणीच्या जागेवरून आलेली असतात. त्यात भर म्हणजे आणणाऱ्याला कुत्रं ‘तिखट’ हवं असतं. मग कुणी त्याला अंधाऱ्या खोलीत कोंडतो, कुणी रक्ताचं मटण घालतो, कुणी काठीने डिवचतो. याने कुत्रं राखण शिकत नाही, घाबरट होतं, आणि घाबरलेलं कुत्रं सर्वांत आधी चावतं.

ठेलाऱ्यांची कुत्री तुम्ही पाहिली असतील. साक्री-शिंदखेड्याकडचे ठेलारी मेंढ्या घेऊन निघतात तेव्हा कळपाबरोबर दांडगी कुत्री असतात. रात्री वाड्याजवळ अनोळखी माणूस गेला तर अंगावर येतात, लांडग्याला भिडतात. आणि दिवसा त्यांच्याच शेजारी ठेलाऱ्यांची पोरं लोळत असतात. त्या कुत्र्याला काम आहे, दिवसभराची चाल आहे, माणसांचा आणि मेंढ्यांचा सहवास आहे. केंद्राच्या 23 च्या यादीत कंगाल, अकबाश, सारप्लानिनाच अशी नावं होती. ती तुर्कस्तान आणि बाल्कन भागातल्या मेंढपाळांची कुत्री, म्हणजे हेच काम करणारी. तिथून उचलून आपल्या पत्र्याखाली दोन हात साखळीला बांधली तर ती धोकादायक होणारच, आणि ठेलाऱ्यांचं कुत्रंही होईल.

म्हणून मला कायद्यात काय हवं ते सांगतो. प्रत्येक पाळीव कुत्र्याला मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळखीची चिप, आणि चिपला मालकाचं नाव. नोंदणीशिवाय पिल्लू विकणाऱ्यावर गुन्हा. तीस किलोंच्या वरच्या कुठल्याही कुत्र्यासाठी, जात कुठलीही असो, उंच कुंपण आणि रस्त्यावर तोंडाला मुसकं. आखूड साखळीला सतत बांधून ठेवणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आजही गुन्हा आहे, तो प्रत्यक्षात लावा. आणि जखमीचा सगळा खर्च मालकाकडून वसूल. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे पाळलेल्या जनावराबाबत हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पन्नास हजारांचं पिल्लू घेणाऱ्याला पाच हजारांचं काय वाटणार? तो आकडा वाढलाच पाहिजे.

आता तुमचं. आधी शेजाऱ्यांकडे जाऊन शांतपणे बोला. ‘तो काही करत नाही’ हे ऐकून परत येऊ नका. रेबीजच्या लसीचं कार्ड दाखवा म्हणा, मधल्या भिंतीवर जाळी बसवायला सांगा, निम्मा खर्च द्यायची तयारी ठेवा, बाहेर नेताना मोठ्या माणसाच्या हातात पट्टा आणि कुत्र्याच्या तोंडाला मुसकं हवं असं सांगा. मुलांना भिंतीवरून हात घालू नका, तो जेवत असताना जवळ जाऊ नका, मोकळा दिसला तर पळू नका, हात अंगाशी घेऊन उभं राहा, हे चार-पाच वेळा करून दाखवा.

चावलं किंवा नुसता दात लागून कातडी सोलली, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही भरू नका. लगेच सरकारी दवाखाना गाठा. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत रेबीजविरोधी सीरम (इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन) द्यावं लागतं, ते स्वतःहून विचारा. लसीचे सगळे डोस पूर्ण करा, कुत्रं कुणाचंही असो.

शेजारी ऐकत नसतील तर महापालिकेत आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. तेवढ्यावर न थांबता प्रांताधिकाऱ्यांकडेही जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली धोकादायक जनावर बंदिस्त करा, असा आदेश त्यांना काढता येतो, आणि त्यासाठी कुणी चावून घ्यायची वाट पाहावी लागत नाही. अर्जात कुत्र्याची जात लिहिण्यापेक्षा तारखा लिहा: कधी भिंतीवरून उडी मारली, कधी मोकळा सुटला, कोणावर धावला. मोबाइलमधले फोटो जोडा, गल्लीतल्या आणखी दोन-चार घरांच्या सह्या घ्या, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय परत फिरू नका.