पर्यावरण वाचवणं हा पोट भरलेल्या लोकांचा उद्योग आहे का? गावातल्या लोकांनी एकत्र येऊन खरंच कुठं काही वाचवलंय का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की शहरात झाडं वाचवायला मानवी साखळी धरणारे सगळे स्वतःच्या गाडीतून आले होते, आणि तुमच्या गावी हा विषय काढला की लोक हसतात. दोन्ही खरं असेल. आमच्या गावातही 'पर्यावरण' हा शब्द शाळेच्या पुस्तकात आणि जूनमधल्या झाडं लावायच्या फोटोत, एवढाच. पण वाळूवरून डोकी फुटलेली मी पाहिलीत. त्या भांडणाला तेव्हा कुणी पर्यावरणाचं नाव दिलं नव्हतं.

मी सांगली जिल्ह्यातला, खानापूर तालुका, येरळाकाठचा. येरळा खटाव तालुक्यात उगवते, वडूजवरून आमच्याकडं येते आणि खाली ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. 2019 च्या ऑगस्टात महापुरात बचावाची नाव उलटून माणसं बुडाली ते हेच ब्रह्मनाळ. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात वरच्या अंगाला आम्ही टँकरची वाट बघत बसलो होतो. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तिथून गाडीनं तीन-चार तासांवर असलेल्या आमच्या पट्ट्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. तोही बऱ्याचदा परतीचा, म्हणजे येईल तेव्हा खरा.

लहानपणी एप्रिल लागला की आई पात्रात झरा उकरायची. गुडघाभर वाळू बाजूला सारली की तळाशी पाणी जमायचं. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं, मग थांबायचं, मग वाटीवाटीनं कळशी भरायची. कडा ढासळू नयेत म्हणून ती भोवती निरगुडीच्या डहाळ्या खोचायची. एक कळशी भरायला किती वेळ लागतो यावरून तिला कळायचं की यंदा मे महिना कसा जाणार. पुढं झरा कमरेइतका खोल गेला, मग छातीइतका, आणि एका वर्षी खाली वाळूच संपली, नुसता खडक लागला. त्यानंतर आमच्या घरात झरा कुणी उकरला नाही.

वाळू म्हणजे नदीची टाकी आहे, हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. हिशेब सोपा आहे. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. भिजलेल्या वाळूत दाण्यादाण्यांच्या मधे जी जागा असते तिच्यात एका ब्रासमागं सातशे ते हजार लिटर पाणी राहतं. ट्रॅक्टरची एक ट्रॉली साधारण ब्रासभर. म्हणजे रात्रीतून पन्नास ट्रॉल्या गेल्या तर चार-पाच टँकर पाणी साठवायची जागा गेली, आणि ती एका वर्षापुरती नाही. पुढच्या पावसात पाणी येतं, पण थांबायला काही नसल्यानं खडकावरून घरंगळून जातं. काठच्या विहिरी त्या वाळूतूनच भरतात. आमची विहीर पाच परस, म्हणजे पाच पुरुष उंचीइतकी खोल होती, वडिलांनी ती दोनदा फोडून खाली नेली. कळशीच्या दोराला गाठी मारून मारून त्याचा निम्मा दोर नुसत्या गाठींचाच झाला होता.

तुमच्या प्रश्नातलं 'पोट भरलेल्या लोकांचा उद्योग' इथं येतं. वाळूचा लिलाव तालुक्याला व्हायचा, महसूल सरकारजमा, वाळू शहरातल्या स्लॅबमध्ये, नफा ठेकेदाराला. आणि विहीर फोडायचं कर्ज आमच्या सात-बारावर. नदी एकच, पण तिच्यातून काय निघालं ते एकाकडं आणि काय आटलं ते दुसऱ्याकडं. यात पोट भरलेला कोण आणि रिकामा कोण, तुम्हीच बघा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. कुठं काही वाचवलंय का? वाचवलंय, आणि आमच्याच तालुक्यात, मी शाळेत असताना.

1982 च्या जानेवारीत मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि खानापूर तालुक्यातले बरेच गिरणी कामगार गावाकडं परतले. (आमच्याकडची पोरं एकतर गिरणीत, नाहीतर देशभर सोन्याचांदीच्या गलाईला. गावात राहायचं म्हातारी माणसं आणि बायकांनी.) आलेल्यांना गावात दुष्काळ आणि रोजगार हमीची खडी फोडायची कामं. या लोकांना संप करायची, मोर्चा काढायची सवय होती. डॉ. भारत पाटणकरांच्या मुक्ती संघर्ष चळवळीत ते आले. त्यांनी पहिला प्रश्न असा काढला की दगड फोडून दुष्काळ जाणार आहे का? हमीच्या मजुरीतून पाणी अडवायची कामं का निघत नाहीत? मग दुष्काळ नेमका कशानं पडतो तेही त्यांनी खणून काढायला घेतलं. पाऊस किती पडतो, विहिरी किती खोल गेल्या, ऊस कुणाच्या रानात आहे, आणि नदीतली वाळू कुठं चालली आहे. अशिक्षित म्हणवली जाणारी माणसं गावोगाव बसून हा हिशेब मांडत होती, आणि शहरातले अभियंते, विज्ञान शिकणारी मुलं त्यांच्या मदतीला यायची. शहरातली माणसं येऊन उपयोगी पडतात ती अशी. तेवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

त्यातून बळीराजा धरण उभं राहिलं. बलवडी आणि तांदुळवाडी ही दोन गावं, मधे येरळा. गावकऱ्यांनी ठेकेदारांचा वाळूउपसा अडवला आणि मागणी काय केली? नुसतं 'वाळू काढू नका' असं ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, नदी आमची, वाळूवर पहिला हक्क आमचा, आम्ही मोजकी वाळू विकू आणि त्या पैशातून नदीवर आमचं धरण बांधू. सरकारदरबारी मान्यता मिळवायला बरंच भांडावं लागलं. के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते आराखड्याला लागले, सुट्टीत विद्यार्थी श्रमदानाला आले, आणि 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात ते काम झालं. छोटंसं धरण आहे. कोयना बघून आलेल्या माणसाला 'हेच का ते?' असं वाटेल.

पण भिंतीपेक्षा त्यांनी केलेला पाण्याचा नियम मोठा होता. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर वाटायचं नाही, माणसांवर वाटायचं. ज्याच्याकडं जमीन नाही त्याच्या घराचाही वाटा. आणि या पाण्यावर ऊस लावायचा नाही, कारण एकाच्या उसाला जे पाणी लागतं त्यात बाकीच्यांची कितीतरी घरं ज्वारी-भाजीपाला काढतात. सांगली जिल्ह्यात राहून उसाला नाही म्हणणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. इथं ऊस म्हणजे नुसतं पीक नाही. कारखाना, सोसायटी, निवडणूक, मुलीचं लग्न, सगळं त्याच्या कांड्यावर उभं आहे.

पुढं 1993 पासून आटपाडीला पाणी संघर्ष चळवळीच्या परिषदा भरायला लागल्या. नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड ही इंग्रजांविरुद्धच्या साताऱ्याच्या प्रतिसरकारमधली माणसं, त्यांच्याबरोबर पाटणकर. तेरा दुष्काळी तालुके आणि मागणी तीच, कृष्णेचं पाणी उचलून आम्हाला द्या, आणि ते समान वाटा. मी त्यातल्या एका परिषदेला वडिलांच्या मागं सायकलवर बसून गेलो होतो. भाषणं आठवत नाहीत. मांडवाबाहेर बाजरीची भाकरी आणि खर्डा कागदावर वाढत होते ते आठवतं, आणि म्हाताऱ्या बायका टोपपदराखाली मुठी आवळून घोषणा देत होत्या ते. कृष्णेचं पाणी उचलून देणाऱ्या टेंभू योजनेचं पाणी शेवटी या भागात आलं, त्यात या परिषदांचा मोठा हात आहे. कुठल्याही पक्षाचा माणूस आता ते श्रेय आपलंच म्हणून सांगतो, ते सोडा.

आता आमच्या गावची गोष्ट, कारण नुसत्या यशाच्या गोष्टी सांगितल्या तर तुम्हाला वाटेल माझं पण पोट भरलंय.

पंधराएक वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी उपसा थांबवायचं ठरवलं. ग्रामसभेत ठराव झाला, हात वर झाले, टाळ्या झाल्या. ठरावाची नक्कल घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या माणसानं ती घेतली, शिक्का मारला आणि आम्ही विट्याच्या स्टँडवर चहा पिऊन परत यायच्या आत ठेकेदाराच्या माणसाचा मला फोन. कुणी काय बोललं, कुणी सही केली, सगळं त्याला पाठ. मग आम्ही रात्री राखण सुरू केली. चौघंजण, एक बॅटरी, दोन काठ्या. तिसऱ्या रात्री दीडच्या सुमाराला पात्रात ट्रॅक्टर उतरला, दिवे बंद करून. आम्ही धावत गेलो, बॅटरी मारली, तर स्टेअरिंगवर माझा चुलतभाऊ.

तो उतरला नाही. इंजिन चालू ठेवूनच म्हणाला, "दादा, नदी तुझ्या विहिरीला पाणी देते. मला काय देते?"

त्याचं रान बहिणींच्या लग्नात गेलं होतं. एका रात्रीच्या खेपांचे त्याला आठवडाभराच्या मजुरीइतके पैसे मिळायचे. माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर बलवडीच्या लोकांनी त्याचं उत्तर वीस वर्षं आधीच देऊन ठेवलं होतं, आणि आम्ही ते वाचलंच नव्हतं. आम्ही नदी वाचवायला निघालो होतो, पण तिच्यात कुणाचा किती वाटा हे ठरवायचं सोडून. विहीर असलेल्यांची ती चळवळ होती. म्हणून विहीर नसलेला ट्रॅक्टरवर बसला. राखण महिनाभर टिकली, मग गव्हाची मळणी आली आणि मोडली.

हे नदीपुरतंच नाही. कोयनाकाठच्या लोकांना विचारा. आधी धरणानं उठवलं, वीज दूर गेली आणि काठावर कंदील राहिला. मग 1985 ला अभयारण्य, 2010 ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, म्हणजे जे थोडे राहिले त्यांनी परत उठायचं. वाघ वाचावा असं त्यांना वाटत नाही असं नाही. दरवेळी किंमत आपल्याच घरातून का जाते, एवढंच ते विचारतात. आणि त्यांनी तसं विचारलं की त्यांना विकासाच्या किंवा निसर्गाच्या आड येणारे ठरवायचं, जशी वेळ असेल तसं.

तुमच्या गावाला नदी असेल आणि काही करायचं मनात असेल तर दोन-तीन कामाच्या गोष्टी सांगतो. 27 फेब्रुवारी 2012 ला सर्वोच्च न्यायालयानं दीपक कुमार खटल्यात सांगितलंय की पाच हेक्टरच्या आतल्या वाळूपट्ट्यालासुद्धा पर्यावरण मंजुरी लागते. त्यामुळं लिलाव झाला की आधी ती मंजुरी माहितीच्या अधिकारात मागा. तिच्यात किती खोल काढायची, यंत्र लावायचं की नाही, हे लिहिलेलं असतं, आणि पात्रात जाऊन टेप लावला की खोटं उघडं पडतं. हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे, फार लांब नाही. वाळूचं धोरण सरकार दर काही वर्षांनी बदलतं, म्हणून जुन्या शासन निर्णयाची झेरॉक्स घेऊन भांडायला जाऊ नका, फजिती होते. माझी झालीये. आणि काठच्या पाच-सहा विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला वहीत लिहून ठेवा, तारीख घालून. कचेरीत भाषणापेक्षा ती वही जास्त बोलते.

पण या सगळ्याच्या आधी गावातल्या बिनजमिनीच्या माणसाला बोलवा आणि त्याचा वाटा काय ते ठरवा. नाहीतर तिसऱ्या रात्री तुमचाही चुलतभाऊ भेटेल.

आता टेंभूचं पाणी आल्यापासून आमच्या विहिरीला मे महिन्यात पाणी असतं. वाळू परत आलेली नाही, पाणी मात्र आलंय, आणि त्याबरोबर ऊसही. 2005 च्या सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्याप्रमाणं पाणी वापर संस्था असते, तिचे सभासद लाभक्षेत्रातले जमीनधारक. गेल्या वर्षी मारुतीच्या देवळात तिची सभा होती. चुलतभाऊ येऊन मागं खांबाला टेकून बसला. नावं लिहून झाली तेव्हा उठून म्हणाला, "माझं पण लिहा की."

सचिवानं वही खाली न ठेवता विचारलं, "क्षेत्र किती?"