अनुदान खाटांसाठी मागावे की माणसांपर्यंत पोहोचण्यासाठी?

व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्य या दोन्ही क्षेत्रांत काम करणाऱ्या छोट्या संस्थेने बेघर व्यक्ती, स्थलांतरित आणि स्त्रिया यांच्यासाठी शासकीय अनुदान मागताना खाटा वाढवण्यावर भर द्यावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते देऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या आढाव्यानुसार जगभरातील सरकारे आरोग्यावरील खर्चापैकी सरासरी जेमतेम २ टक्के रक्कम मानसिक आरोग्यासाठी देतात, आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत त्यातलाही ७० टक्क्यांहून अधिक वाटा मनोरुग्णालयांकडे जातो. जो माणूस रुग्णालयाच्या दारापर्यंत येतच नाही, त्याच्या वाट्याला या पैशातले फारसे काही येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अमली पदार्थविषयक अहवालात हे अधिक ठळकपणे दिसते: अमली पदार्थांच्या सेवनातून विकार जडलेल्या पुरुषांपैकी दर ७ जणांत एकाला उपचार मिळतात, तर स्त्रियांमध्ये दर १८ जणींत एकीला. मुलांना कोणाकडे सोपवायचे, व्यसन उघड झाले तर ती आपल्यापासून हिरावली जातील का, या भीतीपोटी अनेक जणी येतच नाहीत, आणि ती भीती खाटा वाढवून दूर होणार नाही.

म्हणून प्रस्तावात पाळणाघर, प्रवासखर्च, दुभाषी आणि वस्तीत फिरणारे कार्यकर्ते यांचा खर्च स्वतंत्रपणे दाखवावा. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेल्या कार्यकर्त्यांना मानधनावर न राबवता नियमित वेतन मागावे; लोक प्रथम विश्वास ठेवतात तो त्यांच्यावरच. मेथाडोन आणि ब्यूप्रेनॉर्फिन ही औषधे २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर ती दीर्घकाळ द्यावी लागत असल्याने त्यांचा खर्च एकरकमी न मागता आवर्ती म्हणून मागावा.

सर्वांत अवघड भाग पुढे आहे. अनेक ठिकाणी व्यसन आणि मनोविकार यांचे निधी वेगवेगळ्या खात्यांकडे असतात, आणि नैराश्यही असलेल्या मद्यपीला एक विभाग ‘आधी दारू सोडा’ म्हणतो, तर दुसरा ‘आधी मनोविकारतज्ज्ञांकडे जा’ म्हणून परत पाठवतो. हे अत्यंत क्लेशदायक आहे, कारण असा परत गेलेला माणूस पुन्हा येईलच असे नाही. शक्य असल्यास अर्ज करण्यापूर्वीच दोन्ही खात्यांकडून एकाच रुग्णनोंदीवर दोन्ही उपचार करण्याची लेखी संमती घ्यावी. तसेच कामाचे मोजमाप दाखल रुग्णांच्या संख्येवर न ठेवता, सहा महिन्यांनंतरही किती जण संपर्कात आहेत यावर ठेवण्याची अट करारातच घालून घ्यावी.