नर्सिंगचा प्रबंध: विषय, शोध आणि संमती (वाचकांची प्रश्नोत्तरे)

या वेळच्या पत्रांत एम.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थिनी सर्वांत जास्त आहेत. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) देण्याचे दिवस जवळ आले की असे होतेच. पण एका ग्रंथपालांचे आणि दोन स्टाफ नर्सची पत्रेही आहेत, आणि ती तिन्ही पत्रे विद्यार्थिनींनी मुद्दाम वाचावीत.

प्रश्न: मी एम.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. 'स्तनपानाविषयी मातांच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता' हा विषय घे, वेळेत पूर्ण होतो, असे गाइड मॅडम म्हणतात. सीनियर ताईंचे विषयही असेच होते. घेऊ का? (विद्यार्थिनी, सांगली)

वेळेत पूर्ण होतो, हे मॅडमचे म्हणणे खरे आहे. पण पूर्ण झाल्यावर हाती काय येणार, ते आधी पाहा. मातांना तुम्ही प्रश्नावली द्याल, मग चार्ट लावून अर्धा-पाऊण तास शिकवाल आणि सात दिवसांनी तीच प्रश्नावली पुन्हा द्याल. गुण वाढलेले दिसतील. ते वाढणारच, कारण प्रश्न ओळखीचे झाले, उत्तरे तुम्हीच सांगितली आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईशी बोलणेही झाले. त्यातच तुलनेला दुसरा गट नसेल, तर वाढ नेमकी कशामुळे झाली हे कुणालाच सांगता येणार नाही. शिकवल्यावर गुण वाढतात हे आपल्याला माहीतच आहे. त्यासाठी दोन वर्षे घालवू नका.

स्तनपान हा विषय मात्र सोडू नका, फक्त प्रश्न बदला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतले (2019-21) दोन आकडे शेजारी ठेवून बघा. देशातली 88.6 टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली, आणि पहिल्या तासात आईचे दूध मिळालेली बाळे होती 41.8 टक्के. म्हणजे बाळ जन्मते आपल्या डोळ्यांसमोर, सिस्टर हजर असतात, डॉक्टर हजर असतात, तरी निम्म्याहून जास्त बाळे तो तास गमावतात. याचा दोष आईच्या अज्ञानावर टाकणे मला पटत नाही. तो तास कुठे जातो, ते वॉर्डात उभे राहून पाहावे लागेल. बाळ वॉर्मरवर किती वेळ राहिले? सिझेरियननंतर आई रिकव्हरीत आणि बाळ नातेवाइकांच्या हातात, असे किती वेळ चालले? बाळ आईच्या छातीशी नेण्याचे काम कोणाच्या ड्यूटीत होते? मध किंवा गुळाचे पाणी चाटवले गेले का, आणि ते कोणाच्या सांगण्यावरून? घड्याळ लावून नोंदी घ्या. मग लेबर रूमच्या कामाच्या पद्धतीत एकच बदल करा आणि पुन्हा नोंदी घ्या. शक्य असेल तर जिथे बदल केला नाही अशा दुसऱ्या युनिटच्या नोंदी तुलनेला ठेवा. मोजायचे आहे ते बाळ छातीशी किती मिनिटांनी आले ते. आईला किती गुण मिळाले याला इथे महत्त्व नाही.

आपल्याच राज्यात याचा मोठा दाखला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा अभ्यास केला. गावातल्याच बायकांना प्रशिक्षण दिले. त्या घरी जाऊन बाळाचे वजन करत, ऊब आणि स्तनपान पाहत, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून औषधोपचारही करत. 39 गावांत हे काम झाले आणि तुलनेला 47 गावे होती. मोजले काय, तर बाळांचे मृत्यू. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदरात 62 टक्के घट झाली होती. पुढे देशभरच्या आशाताईंच्या गृहभेटींमागे हे काम उभे राहिले. तुमच्या प्रबंधाचा आवाका एवढा मोठा नसेल आणि तो असायची गरजही नाही. पण बाळाचे काय झाले हे मोजायचे आणि तुलनेला कोणीतरी ठेवायचे, हे दोन धडे एका वॉर्डापुरत्या अभ्यासालाही लागू पडतात.

मॅडमना हे कसे सांगावे, अशी भीती तुमच्या पत्रात जाणवते. विषय नाकारू नका. "विषय तुम्ही दिलेलाच ठेवते, फक्त ज्ञानाऐवजी पहिल्या तासातले स्तनपान मोजू का?" असे विचारा. बहुतेक गाइडना हे आवडते. त्यांनाही तेच ते वाचून कंटाळा आलेला असतो.

प्रश्न: सॅम्पल साठच का घेतात? (विद्यार्थिनी, नागपूर)

सवयीने घेतात. वरचेच उदाहरण घेऊ. अंदाजे प्रमाण 42 टक्के धरले आणि 60 माता घेतल्या, तर तुमच्या उत्तरात दोन्ही बाजूंना सुमारे साडेबारा टक्क्यांची चूक असू शकते. म्हणजे खरे प्रमाण 30 टक्के आहे की 54, हे सांगता येणार नाही. चूक 10 टक्क्यांत ठेवायची तर 94 माता लागतात, 5 टक्क्यांत ठेवायची तर सुमारे 375. दोन गटांची तुलना करायची असेल तर सूत्र वेगळे आहे. संख्याशास्त्रज्ञाकडे सिनॉप्सिस देण्याच्या आधी जा. डेटा गोळा झाल्यावर गेलात तर त्यांच्या हातात फारसे काही उरत नाही.

प्रश्न: मी जिल्हा रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या पाठीवरच्या जखमांवर वाचायचे आहे. पबमेडवर (वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन शोधसाठ्यावर) 'बेडसोअर' टाकले की ढीगभर लेख येतात आणि कामाचा एकही सापडत नाही. (सिस्टर, धाराशिव)

तुमचा शब्द चुकीचा नाही, पण लेखकांनी त्याच जखमेला वेगवेगळ्या काळात वेगवेगळी नावे दिली आहेत. जुन्या लेखांत 'डिक्युबिटस अल्सर' आहे, नंतर 'प्रेशर अल्सर' आले, आणि 2016 मध्ये अमेरिकेतल्या या विषयाच्या सल्लागार मंडळाने 'प्रेशर इंज्युरी' हे नाव स्वीकारले. म्हणून शोध असा घ्या: ही सगळी नावे 'ऑर'ने जोडून एका कंसात ठेवा. दुसऱ्या कंसात तुमचा उपाय, म्हणजे 'रिपोझिशनिंग', 'टर्निंग', 'मॅट्रेस', हेही 'ऑर'ने जोडा. मग दोन कंसांच्या मध्ये 'अँड' घाला. दोन शब्दांचे नाव असेल तर ते अवतरणचिन्हांत टाका. पबमेडमध्ये 'मेश' नावाचा विषयशब्दांचा कोश आहे. त्यात आपल्या जखमेचे मान्य नाव शोधून तेही पहिल्या कंसात घाला. शेवटी डावीकडच्या फिल्टरमधून 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' निवडा. ढीग पुष्कळ कमी होईल.

एवढे केलेत की एक अभ्यास तुमच्या नजरेस पडेल. अमेरिका आणि कॅनडातल्या वृद्धाश्रमांत केलेला हा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांना दर दोन, तीन किंवा चार तासांनी कुशीवर वळवले आणि जखमांच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. हे वाचून कृपा करून उद्यापासून रुग्ण वळवणे कमी करू नका. तिथले सगळे रुग्ण जास्त घनतेच्या फोमच्या गादीवर होते. आपल्या वॉर्डातली गादी मधे खोलगट झालेली, वर रेक्झिन, त्यावर ओली चादर, आणि रात्रपाळीला एक सिस्टर तीस-चाळीस रुग्णांना. तिकडचा निष्कर्ष इकडे लागू होतो की नाही हे तुमच्यासारख्याच कोणीतरी शोधायचे आहे. ब्रेडन स्केलने रोजचा धोका मोजा. 6 ते 23 गुणांची ही पट्टी आहे, आणि 18 किंवा त्याखाली गुण आले तर धोका धरतात. दोन महिने नीट नोंदी ठेवल्यात तरी तुमच्या वॉर्डाबद्दल आज कुणालाच माहीत नसलेली गोष्ट तुम्हाला कळेल. जो शोध घेतलात त्याचे शब्द आणि तारीख वहीत लिहून ठेवा, पुढे लागतात.

प्रश्न: मी नर्सिंग महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. मुली क्रमिक पुस्तके नेतात आणि जुने प्रबंध चाळून विषय उचलतात. संशोधनात माझा काही उपयोग आहे असे कुणाला वाटत नाही. (ग्रंथपाल, जळगाव)

मॅडम, वरच्या सिस्टरच्या पत्राचे उत्तर खरे तर तुम्ही द्यायला हवे होते! शोध कसा घ्यावा हे ग्रंथालयशास्त्राचे काम आहे आणि आमच्या नर्सिंगच्या लोकांना ते पुरेसे शिकवले जात नाही. 1971 मध्ये अमेरिकेत मिसुरीच्या कॅन्सस सिटीतल्या वैद्यकीय महाविद्यालयात गर्ट्रूड लॅम्ब या ग्रंथपालांनी क्लिनिकल ग्रंथपाल ही कल्पना राबवली. ग्रंथपाल डॉक्टरांबरोबर राउंडला जात, तिथे निघालेले प्रश्न टिपून घेत आणि लेख शोधून आणून देत. आपल्याकडे ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्येच ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचवा असे सांगून ठेवले होते. तुम्हाला राउंडला जाता आले नाही तरी सिनॉप्सिसच्या आधी प्रत्येक विद्यार्थिनीचा एक तास तुमच्याकडे असावा, अशी मागणी प्राचार्यांकडे लेखी करा.

जुने प्रबंध चाळले जातात ना, तर त्यांचाच उपयोग करा. प्रत्येक प्रबंधाचा विषय, नमुना, वापरलेले टूल (प्रश्नावली किंवा मोजपट्टी) आणि मुख्य निष्कर्ष एका ओळीत घेऊन तक्ता करा. एकाच विषयावर किती प्रबंध झाले आहेत ते त्या तक्त्यात उघड दिसेल, आणि तो समितीसमोर ठेवला की मग तोच विषय पुन्हा घेणे अवघड होईल.

तुमचे महाविद्यालय शासकीय असेल तर 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मध्ये नोंद झाली आहे का ते आजच पाहा. 1 जानेवारी 2025 पासून सुरू झालेल्या या योजनेत 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके शासकीय संस्थांना खुली आहेत. खासगी महाविद्यालयांना ही सोय पहिल्या टप्प्यात नाही, हे मला अन्यायाचे वाटते, कारण राज्यातल्या कितीतरी नर्सिंगच्या मुली तिथेच शिकतात. त्यांनी पबमेड सेंट्रल वापरावे, तिथले लेख पूर्ण आणि मोफत मिळतात. कॉक्रेन या संस्थेच्या संशोधन-आढाव्यांचे सोप्या भाषेतले सारांशही खुले असतात. पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर आहेत.

आणखी एक काम फक्त तुम्हीच नीट करू शकता. आजकाल मुली एआय चॅटबॉटकडून संदर्भसूची करून घेतात. त्यातले काही लेख जगात कुठेही नसतात. लेखकाचे नाव खरे वाटते, नियतकालिक खरे असते, पृष्ठक्रमांकही असतात, पण लेखच नसतो. प्रत्येक संदर्भाचा डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) किंवा पबमेडचा क्रमांक उघडून पाहिल्याशिवाय प्रबंध बांधायला जाऊ देऊ नका.

प्रश्न: माझ्याच वॉर्डातल्या रुग्णांवर अभ्यास करायचा आहे. सगळे ओळखीचे आहेत, तोंडी विचारले तर चालेल का? (स्टाफ नर्स, रत्नागिरी)

चालणार नाही, आणि ओळखीचे आहेत म्हणूनच जास्त जपायला हवे. इंजेक्शन देणाऱ्या, पॅन बदलणाऱ्या सिस्टरला "नाही" म्हणायची हिंमत खाटेवरच्या माणसात नसते. त्याच्या "हो"चा अर्थ संमती असा धरू नका. शक्यतो त्याची काळजी न घेणाऱ्या सहकाऱ्याकडून संमती घ्या. नकार दिला तरी उपचारांत काडीचाही फरक पडणार नाही, हे पत्रकात आणि बोलण्यात स्पष्ट असू द्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे पाळायची आहेत. संमतीपत्र रुग्णाला कळणाऱ्या भाषेत हवे. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवून अंगठा घ्यायचा आणि एक प्रत त्याच्याकडे द्यायची. 7 ते 18 वर्षांच्या मुलांच्या बाबतीत पालकांची संमती आणि मुलाचीही मान्यता लागते. एथिक्स कमिटीची परवानगी डेटा घेण्याच्या आधीची हवी, नंतरची चालत नाही. तुम्ही काही उपाय करून त्याचा परिणाम पाहणार असाल तर सीटीआरआयवर (भारतातल्या क्लिनिकल ट्रायलच्या नोंदवहीत) नोंदणीही करा. ती मोफत आहे. पण 1 एप्रिल 2018 पासून पहिला रुग्ण अभ्यासात घेण्याआधीच ती करावी लागते.

प्रश्न: टूल पाच तज्ज्ञांकडून व्हॅलिडेट (तपासून मान्य) करून घेतले. एक प्रश्न सोबत देते: 'आईचे पहिले चिकाचे दूध बाळासाठी अत्यंत उपयुक्त असून ते जन्मानंतर एका तासात पाजावे, असे आपणास वाटते का?' ठीक आहे ना? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

नाही. यात दोन प्रश्न एकत्र आले आहेत. चीक चांगला हे एखाद्या बाईला पटले असेल आणि तासाभरात पाजणे पटले नसेल, तर तिने काय उत्तर द्यायचे? शिवाय "अत्यंत उपयुक्त" म्हणून उत्तर तुम्हीच सुचवले आहे. त्याऐवजी विचारा: "बाळ झाल्यावर पहिल्यांदा छातीशी कधी घेतलं? त्याआधी बाळाच्या तोंडात काही दिलं होतं का? काय दिलं?" तज्ज्ञांच्या सह्या हव्यातच, पण त्याआधी चार-पाच बायांना प्रश्न वाचून दाखवा आणि "मी काय विचारलं, तुमच्या शब्दांत सांगा" असे म्हणा. तिथे तुमची प्रश्नावली खरी तपासली जाईल. उत्तर बरोबर किंवा चूक असेच असेल तर विश्वासार्हतेसाठी केआर-20 हा गुणांक काढा. 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशी पट्टी असेल तर क्रोनबाख अल्फा.

प्रश्न: व्हॉट्सॲपवर संदेश आला आहे, पैसे भरा, 48 तासांत लेख छापू, प्रमाणपत्रही देऊ. देऊ का? (अध्यापिका, नाशिक)

देऊ नका. 48 तासांत कोणीही तज्ज्ञ तुमचा लेख वाचून तपासत नाही. नियतकालिकाने स्वतःविषयी केलेला दावा खरा मानू नका. ते पबमेडमध्ये किंवा डीओएजेमध्ये (खुल्या नियतकालिकांच्या यादीत) आहे का, हे त्या त्या ठिकाणी जाऊन शोधा. संपादक मंडळातल्या एक-दोघांना त्यांच्या संस्थेच्या पत्त्यावर ईमेल करून विचारा. यूजीसी-केअरची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य नियतकालिकांची, यादी फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाली, त्यामुळे "आम्ही केअरमध्ये आहोत" या जाहिरातीला आता काही अर्थ उरलेला नाही. आणि लेख अशा ठिकाणी आधीच दिला असेल तर पैसे भरण्यापूर्वी लेखी माघार घ्या, उत्तर जपून ठेवा. तोच लेख दुसरीकडे पाठवताना ते पत्र लागेल.