गोव्यात मे महिन्यात परसात काय लावावं आणि काय थांबवावं?

तुमचा प्रश्न असा: पुण्याहून फोंड्याला राहायला आलात, घरामागे थोड्या उताराची मोकळी जागा आहे, माती तांबडी, विहिरीला पाणी. नेटवरच्या ‘लेट स्प्रिंग’च्या याद्या टोमॅटो, लेट्यूस, गाजर, कोथिंबीर, बेसिल लावायला सांगतात. मे अर्धा सरला, तर यातलं काय लावू?

त्या याद्या नुकतीच थंडी सरलेल्या मुलखासाठी आहेत. तिकडे आता कुठे माती तापायला लागलेली असते. आपल्याकडे ती तापून पोळलेली आहे आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येऊन ठेपतो. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे मे महिन्यात हात मातीत घालायचा तो पाऊस डोळ्यांसमोर ठेवून. मुसळधार सुरू व्हायच्या आत रोपाने मूळ धरलेलं हवं आणि त्या मुळाशी पाणी साचता कामा नये. बाकी सगळं यातूनच ठरतं.

म्हणून बियाण्याच्या आधी वाफे. उन्हाळ्यात आपण वाफा खोलगट ठेवतो, पाणी टिकावं म्हणून. पावसाळ्यात तोच वाफा रोपांचा जीव घेतो. आत्ताच गादीवाफे करून घ्या: ३० सेंटिमीटर उंच, मीटरभर रुंद, उताराला आडवे, आणि दोन वाफ्यांमधल्या चरांना बाहेर पडायला वाट ठेवा. पाऊस येईपर्यंत पाणी द्यावं लागणारच, म्हणून प्रत्येक रोपाभोवती वाफ्यावरच छोटं आळं करा आणि पहिला जोराचा पाऊस झाला की ते बोटाने फोडून टाका. आपली जांभ्याची माती आम्ल असते, त्यामुळे चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅम शेतीचा चुना किंवा डोलोमाइट मातीत मिसळा आणि शेणखत त्यानंतर दोनेक आठवड्यांनी घाला. दोन्ही एकदम घातलं तर खतातला नत्र हवेत उडून जातो.

आता काय लावायचं. गोव्यात याचं सगळ्यात चांगलं वेळापत्रक म्हणजे चवथीची माटोळी. गणपतीच्या वर टांगायला जी भाजी लागते, ती बहुतेक याच दिवसांत पेरायची असते: तवसं (मोठी काकडी), चिबूड, दोडका, पडवळ, कारलं, भेंडी. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत दोन हप्त्यांत पेरा. भेंडी आणि तवसं दीड-पावणेदोन महिन्यांत हाती येतं, दोडका-कारल्याला दोन महिने, पडवळाला थोडं जास्त, चिबडाला त्याहूनही जास्त. भेंडीचं बी घेणार असाल तर सांत इस्तेवकडची सात शिरांची भेंडी शोधा. लांब, फिकट हिरवी, शिजल्यावर चव अशी की संकरित भेंडी परत आणावीशी वाटत नाही. दोडका-कारल्याचं बी कठीण सालीचं, रात्रभर पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, मोड फुटलेला दिसला की पेरा. मांडव मात्र वेल वर यायच्या आधी उभा करा. भर पावसात खांब रोवायला गेलात तर खड्डा मातीपेक्षा पाण्यानेच भरतो.

वेलींबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर. पावसाची झड लागली की मधमाश्या फिरत नाहीत, फुलं येतात आणि बारकी फळं पिवळी पडून गळतात. लोक औषध फवारायला धावतात, पण बहुतेक वेळा दोष फक्त परागीभवनाचा असतो. नर फुलाचा देठ साधा असतो, मादी फुलाच्या मागे बोटाएवढं इवलंसं फळ असतं. नर फूल तोडून पाकळ्या काढा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. कारलं आणि तवसं सकाळी उमलतं, दोडका संध्याकाळी, पडवळ दिवस मावळल्यावर. तेव्हा दोडक्यासाठी सकाळी गेलात तर काही उपयोग नाही. फळ धरलं की लगेच कागदी पिशवी बांधा, नाहीतर फळमाशी अंडी घालते आणि फळ आतून सडतं. सापळा लावायचा असेल तर क्यूल्युअरचा मागा. आंब्याच्या बागेत लावतात तो मिथाइल युजेनॉलचा सापळा भाजीवरच्या माशीला चालत नाही.

तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, आजच पेरा. तीन-चार आठवड्यांत खुडायला येते, म्हणजे मोठा पाऊस यायच्या बेताला तुमचं पहिलं ताट झालेलं असेल. बी मोहरीहूनही बारीक. पेरून उठायच्या आत मुंग्यांची रांग लागते आणि एकेक दाणा उचलून नेते. बियांत चुलीची राख आणि बारीक रेती मिसळून फेकली की पातळही पडतं आणि मुंग्याही थोड्या दूर राहतात. वरून माडाची चुडतं झाका आणि अंकुर दिसले की संध्याकाळी उचला. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रोज वाकून बघायला हवं, उशीर झाला तर कोंब पांढरे आणि लुळे निघतात.

मिरचीचं बी आता रोपवाटिकेत टाका आणि पाऊस लागला की रोपं उतारावर हलवा. काणकोणच्या खोल्याची मिरची अशीच डोंगरउतारावर, निव्वळ पावसाच्या पाण्यावर होते. तुमच्या जागेला उतार आहे ही मिरचीसाठी मोठी जमेची बाजू आहे. वांग्याचंही तसंच, फक्त आपल्या हवेत वांग्याला मर रोग फार. सकाळी टवटवीत असलेलं झाड दुपारी हिरवंच्या हिरवं माना टाकतं. जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने या रोगाला तोंड देणारे ‘गोवा ब्रिंजल’ वाण काढले आहेत, त्यांची चौकशी करा.

हळद आणि आलं यांना हीच वेळ. एक-दोन डोळे असलेला कंद दोन-तीन बोटं मातीखाली, वर काजू-फणसाच्या पाल्याचं जाड आच्छादन. फोंड्याच्या कुळागरांत सुपारीच्या सावलीत हे पीक कसं येतं ते एकदा जाऊन बघा. मेअखेर लावलेली हळद श्रावणात पातोळ्यांना (हळदीच्या पानात वाफवायचा गोड पदार्थ) पानं देते. त्यासाठी तरी चार कंद लावाच. कणगी, करांदे, सुरण, अळू यांचेही कंद आत्ता मातीत जायला हवेत.

सुगंधी पानांत गवती चहाचा जुना गड्डा फोडून लावा, पुदिन्याच्या आणि पानओव्याच्या काड्या टोचा. पुदिन्याला अर्धी सावली द्या. बेसिल कुंडीत, पागोळीपासून दूर. कोथिंबिरीचा हट्ट आत्ता करू नका. उगवते उशिरा आणि हाताएवढी व्हायच्या आत फुलावर येते. अगदीच हवी तर धणे दोन फाकळ्या करून, रात्रभर भिजवून, व्हरांड्यातल्या कुंडीत थोडे थोडे टाका.

दोन इशारे. वळवाच्या एका सरीला भुलून पाणी बंद करू नका. तिच्यानंतर आठ-दहा दिवस कोरडे गेले तर नुकतं उगवलेलं सगळं जळतं. आणि पाऊस सुरू झाला की आफ्रिकन गोगलगायी येतात. त्या एका रात्रीत भेंडीची कोवळी ओळ साफ करतात. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन फिरायचं, हातमोजे घालून वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. याला दुसरा सोपा उपाय मला माहीत नाही.

राहिले टोमॅटो, गाजर, लेट्यूस, पालक, कोबी, नवलकोल. हे सगळं पावसानंतरचं. जून-जुलैत टोमॅटो मर आणि करप्यातून वाचवणं म्हणजे रोजची झटापट, आणि एवढं करून फळ चिरकतं. ती जागा तशीच सोडू नका, नाहीतर पाऊस वरची माती धुऊन नेईल. तिथे जूनमध्ये ढैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरा, दीडेक महिन्यात फुलावर यायच्या आधी कापून मातीतच गाडा. सप्टेंबरच्या शेवटी टोमॅटोचं बी रोपवाटिकेत टाकलं की ऑक्टोबरअखेर त्या वाफ्यावर रोपं लावता येतील.