सामन्यात शिवीगाळ झाली तर पंचाने काय करावे?

आपण विचारले आहे की, स्थानिक क्रिकेट सामन्यात खेळाडू शिवी देतो तेव्हा नवख्या पंचाने कारवाई करावी की कानाडोळा करावा, आणि कडक वागल्यास पुढची नेमणूक हुकेल का. सांगली जिल्ह्यात बरीच वर्षे पंच म्हणून उभा राहत आलो आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

क्रिकेट नियमांच्या २०१७ च्या संहितेपासून खेळाडूंच्या वर्तनासाठी कलम ४२ आहे. त्यातील गुन्ह्यांच्या चार स्तरांपैकी पहिल्या, सर्वांत सौम्य स्तरात त्या परिस्थितीत अश्लील किंवा अपमानकारक ठरणारी भाषा येते. तिच्यासाठी आधी ताकीद आणि त्याच संघाकडून त्या स्तराचा गुन्हा पुन्हा घडला की प्रतिस्पर्ध्याला ५ धावा. पंचाला मारण्याची धमकी थेट चौथ्या स्तरात जाते आणि खेळाडू उरलेल्या सामन्याला मुकतो.

खरी कसोटी परिस्थिती ओळखण्याची आहे. फटका हुकलेला फलंदाज स्वतःवर चरफडून 'आयला' म्हणाला, तर आमच्याकडे कोणी मानही वळवत नाही, पंचानेही वळवू नये. पण बाद होऊन परतणाऱ्या फलंदाजाला क्षेत्ररक्षकाने आईवरून शिवी हासडली आणि ती सीमारेषेजवळ बसलेल्या त्याच्या वडिलांपर्यंत गेली, तर ऐकलेच नाही असे दाखवणाऱ्या पंचाचे त्यानंतर कोणीही ऐकत नाही. अशा वेळी आधी सहकारी पंचाशी बोलावे, मग कर्णधाराला बाजूला बोलावून खालच्या आवाजात, "तुमच्या खेळाडूची भाषा आम्ही दोघांनी ऐकली आहे, ही ताकीद आहे," एवढेच सांगावे. त्या खेळाडूशी वाद घालू नये. सर्वांदेखत सुनावले की तो माघार घेत नाही.

गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धांत हे कलम लागू असेलच असे नाही, म्हणून नाणेफेकीपूर्वीच आयोजकांना विचारून ठेवावे.

नेमणुकीची काळजी मी समजू शकतो, कारण "जरा सांभाळून घ्या" असे सांगणारे आयोजक मलाही भेटले आहेत. तरीही पंच नेमणाऱ्या समन्वयकाची अपेक्षा वेगळी असते: नाराज संघाचा फोन येण्यापूर्वी त्याला हकिकत पंचांकडून कळली पाहिजे. म्हणून दोघा पंचांनी मिळून त्याच संध्याकाळी अहवाल द्यावा. त्यात षटक, खेळाडू आणि उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लिहावेत, कारण 'अपशब्द वापरले' एवढ्यावरून शिस्तपालन समितीला काहीच ठरवता येत नाही. नंतर कोणी मजकूर सौम्य करण्याची गळ घातली, तर ती विनंती समन्वयकाकडेच पाठवावी.