कोड सगळ्यांना खुला, मग भाव गुप्त कसा?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे, मी तिथे दिवाणजी आहे. मालकांच्या मुलाने सगळ्यांच्या मोबाइलमध्ये सिग्नल हे मेसेज पाठवायचं ॲप टाकून दिलंय. बाहेरगावच्या खरेदीदारांशी भावाचं बोलणं यापुढे त्यावरच करायचं, असं त्याचं म्हणणं. मालक म्हणतात, ज्याचा प्रोग्रॅम कुणालाही फुकट बघायला मिळतो, त्यात आपले भाव कसले सुरक्षित? खरं काय ते सांगा. — एक दिवाणजी, सांगली

उत्तर : दिवाणजी, मालकांची शंका रास्त आहे, पण या बाबतीत मुलाचं बरोबर आहे.

रुमालाखालचे सौदे मालकांना ऐकून तरी ठाऊक असतील. कोणतं बोट धरलं म्हणजे किती रुपये, हे अख्ख्या बाजाराला पाठ असायचं. तरी शेजारी उभ्या माणसाला भाव कळत नसे, कारण बोटं रुमालाखाली. (शेतकऱ्यालाच आपल्या मालाचा भाव कळत नव्हता, म्हणून ती पद्धत बंद झाली आणि ते योग्यच झालं.) सिग्नलचा कोड, म्हणजे त्याचा प्रोग्रॅम, ही बोटांची ती रीत. ती उघड आहे. गुप्त असते ती मेसेज बंद करणारी आणि उघडणारी आकड्यांची किल्ली, आणि ती तुमच्या मोबाइलमध्येच तयार होते, तिथेच राहते. मेसेज तुमच्याकडून निघतानाच बंदिस्त होतो आणि समोरच्याच्या मोबाइलवरच उघडतो. मेसेज पुढे पोचवणाऱ्या मधल्या संगणकाच्या, म्हणजे सर्व्हरच्या, हाती नुसती अगम्य अक्षरं लागतात. रीत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुपित फक्त किल्लीत असावं, हे ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषेच्या प्राध्यापकांनी लष्करी सांकेतिक लिपीबद्दल १८८३ मध्येच लिहून ठेवलंय.

मी कॉलेजात संगणक शिकवते. वर्गात हा कोड पडद्यावर लावते तेव्हा मुलांना आधी मालकांसारखंच वाटतं. मग मी विचारते, झाकलेला कोड बरा म्हणता, तर त्यात काय आहे ते तुम्ही कुणाच्या शब्दावर मानणार? खुला कोड जगभरचे जाणकार वाचतात, चुका काढतात. अँड्रॉइडवर तर प्ले स्टोअरमधून उतरवलेलं ॲप त्याच कोडपासून बनलंय का, हेही ताडून बघता येतं. फुकटचं म्हणाल, तर सिग्नलमागे ना-नफा संस्था आहे. २०१८ मध्ये व्हॉट्सॲपचे एक संस्थापक ब्रायन ॲक्टन यांनी तिला ५ कोटी डॉलर दिले, बाकी खर्च देणग्यांवर चालतो. जाहिराती नाहीत.

आता तुमच्या कामाचं. पलीकडे खरंच तुमचाच खरेदीदार आहे ना, हे एकदा पडताळा. त्याच्या नावावर बोट ठेवलंत की खाली ‘सेफ्टी नंबर’ सापडेल. साठ आकडी असतो, पाच-पाच आकड्यांचे बारा गट. त्याला साधा फोन लावा, आवाज ओळखीचा आहे याची खात्री करा आणि एक गट तुम्ही वाचा, पुढचा त्याला वाचू द्या. सगळे जुळले की ‘व्हेरिफाइड’ची खूण करून ठेवा. समोरासमोर असाल तर क्यूआर कोड स्कॅन केला की झालं. पुढे कधी ‘सेफ्टी नंबर बदलला’ असं दिसलं, तर बहुधा त्याने मोबाइल बदललेला असतो. तरीही भाव कळवण्याआधी फोन करून विचाराच.

आणि मला खरी काळजी वाटते ती तुमच्या गादीजवळच्या संगणकाची. मुलाने त्यावरही सिग्नल जोडलं असेल, तर येणारा-जाणारा, हमाल, तोलाईवाला, सगळ्यांना पडदा दिसतो. तिथे कोणतंही एन्क्रिप्शन, म्हणजे मेसेज किल्लीने बंदिस्त करणं, मदतीला येत नाही. सेटिंगमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून बघा. ओळखीचं नसेल ते काढून टाका. कुणी पाठवलेला क्यूआर कोड उगाच स्कॅन करू नका, त्यातून परका संगणक तुमच्या खात्याला जोडला जाऊ शकतो. ‘रजिस्ट्रेशन लॉक’ सुरू करा, म्हणजे नुसता ओटीपी काढून घेऊन कुणाला तुमचा नंबर बळकावता येणार नाही, पिनही लागेल.

प्रश्न : मी मिरजेत नर्स आहे. व्हॉट्सॲपवरही ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड’ लिहिलेलं असतं. मग वेगळं ॲप कशाला? — एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, मेसेज बंदिस्त करण्याची पद्धत दोन्हीकडे एकच. सिग्नलचीच पद्धत व्हॉट्सॲपने घेतली, २०१६ मध्ये ते काम पूर्ण झालं. फरक आहे तो मेसेजभोवतीच्या माहितीत : कोण कुणाशी, कधी, किती वेळा बोललं. सिग्नल ती जवळजवळ ठेवतच नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातून माहिती मागणारं सरकारी फर्मान आलं, तेव्हा त्यांच्याकडे देण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या : खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. रुग्णाचं नाव कुठल्या डॉक्टरच्या नंबरशी जोडलं जातंय, एवढ्यावरूनही आजाराचा अंदाज येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय व्हॉट्सॲपच्या क्लाउड बॅकअपचं (इंटरनेटवर ठेवलेल्या मेसेजच्या प्रतीचं) एन्क्रिप्शन आपण मुद्दाम सुरू करावं लागतं, ते तपासा.

पण रुग्णांचे रिपोर्ट कशावर पाठवायचे, हे आधी हॉस्पिटलच्या वरिष्ठांना विचारा. एकट्याने ॲप बदलू नका. परवानगी मिळाली तर मेसेज ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसले जाण्याची सोय लावा. मात्र समोरच्याने स्क्रीनचा फोटो काढला, तर तो राहतोच.

प्रश्न : मोबाइल कृष्णेत पडला. नंबर तोच घेऊन नव्या मोबाइलवर सिग्नल टाकलं, पण जुने मेसेज आले नाहीत. — एक वाचक, सांगलीवाडी

उत्तर : बॅकअप घेतला नसेल तर ते येणार नाहीत, दादा. मेसेज पोचले की सर्व्हरवरून पुसले जातात, म्हणून सिग्नलकडे मागूनही उपयोग नाही. ज्यांच्याशी बोललात त्यांच्या मोबाइलवर अजून असतील, महत्त्वाचे तेवढे मागून घ्या. आता नव्या मोबाइलवर बॅकअप सुरू करा. त्या वेळी बॅकअप उघडण्याची एक लांबलचक किल्ली दाखवतात, ती वहीत उतरवून कपाटात ठेवा. तिचा फोटो त्याच मोबाइलमध्ये काढून ठेवू नका.